सक्ती मुलांवर, जागा कारखान्यात: इंजिनिअरिंगची इंटर्नशिप नेमकी कुठं अडते

एप्रिल लागला की बडोद्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं दोन गोष्टी शोधत फिरतात: सावली आणि कंपनीचं लेटर. सावली निदान सयाजीबागेत मिळते. लेटरसाठी मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, गल्ल्या, मंजुसरचे गेट, वाघोडियाचा रस्ता आणि शेवटी आईच्या भिशीतल्या काकूंचे मिस्टर, असा सगळा प्रवास होतो.

घरात त्याच वेळी वेगळे प्रश्न चालू असतात. वडील म्हणतात, "ती पंतप्रधानांची इंटर्नशिप आली ना, तिचाच फॉर्म भर की." मामा विचारतात, "पगार किती देणार?" दांडिया बाजारातले आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी याला अप्रेंटिस म्हणायचे." तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलाला हवी आहे चौथीच. म्हणून आधी नावांचा गुंता सोडवू आणि मग गाडी कुठं अडते ते पाहू. माझ्या मते ती मुलांच्या आळसात अडत नाही, कारखानदारांच्या खडूसपणातही फारशी नाही. इंटर्नशिप करण्याची सक्ती ज्याच्यावर आहे त्याच्याकडे जागा नाही, जागा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर सक्ती नाही, आणि शिकवण्याचं काम या दोघांपैकी कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही. बाकीच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात.

सगळ्यालाच इंटर्नशिप म्हणतात, पण

पंतप्रधान इंटर्नशिप योजना जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. देशातल्या आघाडीच्या 500 कंपन्या, पाच वर्षं, एक कोटी तरुण असं तिचं मोठं उद्दिष्ट होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सव्वा लाख जागांचा पहिला प्रयोग सुरू झाला. बारा महिने काम आणि महिन्याला 5,000 रुपये. त्यातले 4,500 सरकारचे, 500 कंपनीचे. पण त्या वेळच्या नियमांत वय 21 ते 24 हवं होतं आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला प्रवेश नव्हता. म्हणजे ती शिक्षण थांबलेल्या किंवा संपलेल्या तरुणांसाठी आखली होती. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाला "फॉर्म भर" म्हणण्यात तेव्हा काही अर्थ नव्हता.

अप्रेंटिसशिपचा पाया 1961 चा कायदा. 1973 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमावालेही आले. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांत पदवीधरासाठी महिना किमान 9,000 रुपये स्टायपेंड ठरला, आणि केंद्राच्या योजनेतून त्या किमान रकमेचा अर्धा भाग सरकार सोसतं. स्टायपेंड म्हणजे शिकताना मिळणारा भत्ता, पगार नव्हे. करार नोंदवला जातो. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. पण हे सगळं मुख्यतः पदवी हातात आल्यानंतरचं.

कॉलेजची इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रमाचा एक भाग. गुणपत्रिकेत तिची ओळ असते आणि ती केली नाही तर पदवी अडते. पण कारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर अप्रेंटिससारखा कोणताही कायदा या मुलाच्या मागे उभा नाही. किती मुलं घ्यायची, भत्ता द्यायचा का, काय शिकवायचं, बोट कापलं तर कुणी पाहायचं, यांतलं काहीच कंपनीवर बंधनकारक नाही. कंपनीनं हो म्हटलं तर ती केवळ भलाई. आणि भलाईवर चालणाऱ्या गोष्टीला आपण पदवीची अट करून ठेवलं आहे.

क्रेडिटचा हिशेब मांडून पाहू

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजण्याचं एकक. 2018 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं बी.टेक.चा नमुना अभ्यासक्रम हलका केला आणि एकूण क्रेडिट 220 वरून 160 वर आणले. वर्गातला बोजा कमी करायचा आणि हातानं करण्याला जागा द्यायची, हा विचार. परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात पदवीच्या मुलांसाठी 14 ते 20 क्रेडिट सुचवलेत; ढोबळमानानं एक क्रेडिट म्हणजे 40 ते 45 तासांचं काम, सगळं मिळून 600 ते 700 तास.

आता 600 तासांचे दिवस करा. रोज आठ तास धरले तर 75 दिवस. कारखान्याचा आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे साडेबारा आठवडे. उन्हाळ्याची सुट्टी परीक्षांच्या तारखा सांभाळून सहा आठवडे मिळाली तर नशीब; त्यात फार तर 36 दिवस, 288 तास बसतात. एका सुट्टीत हे उरकतच नाही. दोन सुट्ट्या घाला, नाहीतर शेवटचं अख्खं सेमिस्टर द्या. बरीच विद्यापीठं आता शेवटच्या सेमिस्टरकडे झुकलीत, पण तिथं प्लेसमेंटच्या मुलाखती, प्रोजेक्ट आणि पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षा एकाच वेळी अंगावर येतात.

आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही. सगळ्या कॉलेजांची सुट्टी एकाच वेळी. महाराजा सयाजीराव विद्यापीठ, गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं, खाजगी विद्यापीठं, शिवाय आणंद-वल्लभविद्यानगरची मुलं, असे सगळे मे महिन्यात त्याच गेटांवर येतात. डिसेंबरात त्याच गेटवर कुणी नसतं.

कारखान्याच्या बाजूनं बघा

लग्नाच्या आचाऱ्याकडे तुम्ही मुलाला स्वयंपाक शिकायला सहा दिवस ठेवलंत असं समजा. आचाऱ्याला पैसे मिळतात दुपारी साडेबाराला पाचशे पानं वाढली जाण्याचे. तुमच्या मुलाला शिकवण्याचे त्याला कुणी देत नाही. मग तो काय करेल? उकळत्या तेलापाशी जाऊ देणार नाही, मसाल्याचं प्रमाण सांगणार नाही, बटाटे सोलायला बसवेल. आचारी दुष्ट नाही. त्याच्या दिवसात शिकवण्यासाठी जागाच ठेवलेली नाही.

कारखान्यात हेच होतं, फक्त पायऱ्या जास्त. मुलगा आत येण्याआधी गेटपास, ओळखपत्रांच्या प्रती, कॉलेजचं ना-हरकत पत्र, गुप्तता करार. मग सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण, हेल्मेट, चष्मा, बूट. मग त्याला कुणातरी इंजिनिअरच्या हवाली करायचं. त्या इंजिनिअरचं वार्षिक मूल्यमापन ठरतं महिन्याला किती माल बाहेर पडला यावर; "इंटर्नला शिकवलं" असा रकाना त्याच्या फॉर्ममध्ये बहुधा नसतोच. पहिला आठवडा ओळख करून घेण्यात जातो, दुसऱ्यात मुलाला कोणतं खातं कुठं आहे ते कळतं, चौथ्याच्या आसपास तो पहिला बरा प्रश्न विचारतो आणि सहाव्यात निघून जातो. कंपनीनं खर्च केला आणि उपयोगाचा माणूस होण्याआधीच तो गेला. पुढच्या वर्षी एचआर फोन उचलत नाही, यात नवल काय?

नंदेसरीसारख्या रसायनांच्या वसाहतीत किंवा कोयलीच्या बाजूला धोका खरा आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये कोयलीच्या रिफायनरीत बेंझीनच्या टाकीला आग लागून दोघांचा जीव गेला, ती बातमी बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. अशा ठिकाणी प्रशिक्षित कामगारालाही लेखी परवान्याशिवाय पाना हातात घेता येत नाही. वीस वर्षांच्या मुलाला "जा, बघून ये" म्हणणारा अधिकारी बेजबाबदारच ठरेल. म्हणून मोठ्या प्लांटमधल्या ट्रेनिंगचा मोठा भाग कंट्रोल रूमच्या मागच्या खुर्चीत जातो.

गुप्ततेचंही तसंच. ऑक्टोबर 2024 मध्ये बडोद्यात सी-295 लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला, 56 पैकी 40 विमानं इथं बनणार हे कळलं, आणि अनेक घरांत स्वप्नं पडू लागली. स्वप्नं पडावीत. पण संरक्षणाशी संबंधित कामाच्या जागी बाहेरच्या विद्यार्थ्याला सहा आठवड्यांपुरतं सोडणं कुणालाच सोपं नसतं. साध्या पंपाच्या कारखान्यातही ड्रॉइंग बाहेर जाऊ देत नाहीत. त्याचा परिणाम मुलांच्या अहवालात दिसतो. पहिली दहा पानं कंपनीचा इतिहास, वेबसाइटवरून उचललेला. पुढची दहा पाठ्यपुस्तकातली. स्वतः मोजलेला एकही आकडा नाही, कारण आकडा लिहायची परवानगीच नव्हती.

कागद मागितला की कागदच मिळतो

कॉलेजनं काय तपासायचं ठरवलं आहे? प्रमाणपत्र, लॉगबुकवर सही-शिक्का आणि शेवटी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा. मुलाला काय आलं हे मोजायला वेळ आणि माणूस लागतो. शिक्का मोजायला दोन्ही लागत नाहीत. मग बाजार शिक्क्याचाच भरतो.

यातला पहिला प्रकार जुना आणि घरगुती: ओळखीच्या वर्कशॉपचं लेटरहेड. मुलगा मेभर घरी आमरस खातो आणि जूनमध्ये प्रमाणपत्र येतं. दुसरा नवा आहे: पैसे घेऊन "इंटर्नशिप" देणाऱ्या ऑनलाइन संस्था. मुलाखत नाही, निवड नाही, चार व्हिडिओ पाहायचे, सगळ्यांना तोच ठरीव प्रोजेक्ट, आणि शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. काही जण तर ऑफर लेटरसाठी आधी आणि प्रमाणपत्रासाठी नंतर, असे दोनदा पैसे घेतात.

ओळखायचं कसं? मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते. तुमच्या कामावर रोज नजर ठेवणाऱ्या माणसाचं नाव आणि पद ते सांगू शकतात का? नाव नसेल आणि पैसे मात्र मागत असतील, तर तो क्लास आहे. क्लास लावण्यात गैर काही नाही. त्याला इंटर्नशिप म्हणू नये एवढंच.

"पण ऑनलाइन सगळंच खोटं असतं का?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये घरी बसून खरं काम होतं. वरिष्ठ तुमचा कोड वाचतो, चुका दाखवतो, परत पाठवतो. तिथं पडद्यापलीकडे माणूस असतो. लेथ मशीनचा कंप मात्र लॅपटॉपवर कळत नाही, त्यामुळे मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिलच्या मुलांनी महिनाभर ऑनलाइन "प्रत्यक्ष अनुभव" घेतल्याचं प्रमाणपत्र आणलं की परीक्षकानं निदान भुवया तरी उंचावाव्यात.

ओळख असलेल्यांची सोय, बाकीच्यांचं काय?

जागा भलाईवर मिळणार असेल तर ती ओळखीनं वाटली जाणार, हे ओघानं आलंच. ज्याचे काका रिफायनरीत, त्याचं काम एका फोनवर. ज्याचे वडील रावपुऱ्यात दुकान चालवतात किंवा जे डभोईहून बसनं येतात, त्यांनी कुणाला फोन करायचा? दोघांना गुण मात्र एकाच पट्टीनं. परीक्षेत ओळख चालली असती तर आपण मोर्चे काढले असते.

खर्चाचं गणितही सारखं नाही. हालोल शहरापासून जवळपास 40 किलोमीटर, सावली-मंजुसर, वाघोडिया, पादरा हेही बाहेरच. कंपनीच्या बसमध्ये इंटर्नला जागा मिळेलच असं नाही. रोज पेट्रोल घालायचं, डबा न्यायचा आणि भत्ता शून्य. अहमदाबाद-पुण्यात जागा मिळाली तर भाडं वेगळं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक थर चढतो. "शॉपवर (म्हणजे प्रत्यक्ष मशीनं चालतात तिथं) नको, डिझाइन ऑफिसमध्ये बस" हे बऱ्याचदा काळजीपोटीच म्हटलं जातं, पण त्यामुळे तिला कागदच दिसतात, मशीन दिसत नाही. लहान युनिटमध्ये महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नसणं हे तर जागा नाकारण्याचं न बोललेलं कारण असतं. जागा पाहायला जाल तेव्हा हा प्रश्न संकोच न करता विचारा. उत्तरावरून बाकीच्या बऱ्याच गोष्टी कळतात.

एका बाबतीत बडोद्याची मराठी मुलं सुदैवी आहेत. ड्रॉइंग इंग्रजीत असलं तरी शॉपवरचं बोलणं गुजराती आणि हिंदीत चालतं, आणि आपल्याकडे पोरं दोन्ही घरबसल्या शिकतात. ऑपरेटरशी नीट बोलता येणं याची किंमत बाहेरून आलेल्या मुलाला विचारा.

कॉम्प्युटरवाल्यांचं वेगळंच दुखणं

2024 पासून तंत्रशिक्षण परिषदेनं चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली, आणि वाढलेल्या जागांचा ओघ साहजिकच कॉम्प्युटरकडे गेला. बडोदं मात्र ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पंप, खतं, औषधं आणि रसायनं यांचं गाव. म्हणजे मुलं एका दिशेला आणि गावातले कारखाने दुसऱ्या.

तरी मला यात संधी दिसते. मकरपुऱ्यातल्या कित्येक युनिटांत उत्पादनाच्या नोंदी अजून वहीत होतात आणि संध्याकाळी कुणीतरी त्या एक्सेलमध्ये उतरवतं. विजेच्या मीटरचं रीडिंग, मशीन किती वेळ बंद होतं, कोणत्या बॅचमधला माल परत आला, ही माहिती रोज तयार होते आणि रोज वाया जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या मुलीला यातून दीड महिन्यात मालकाच्या मोबाइलवर दिसेल असा एक साधा तक्ता उभा करता येतो. असली कामं कॉम्प्युटरची मुलं मागतच नाहीत, कारण त्यांना "आयटी कंपनी" हवी असते. कॉलेजही सुचवत नाही, कारण अर्जावर "संबंधित क्षेत्र" असा रकाना आहे.

मग बरी इंटर्नशिप दिसते कशी?

एक उदाहरण सविस्तर घेऊ, बडोद्याच्या ओळखीच्याच मालाचं.

ट्रान्सफॉर्मर बनतो तो असा: खास सिलिकॉन पोलादाचे पातळ पत्रे कापून, एकावर एक रचून गाभा तयार होतो. त्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वाइंडिंग, म्हणजे तारांचे वेढे, चढतात. मग ते सगळं भट्टीत सुकवतात, कारण इन्सुलेशनच्या कागदातला ओलावा हा शत्रू. नंतर टाकीत बसवून तेल भरतात आणि शेवटी टेस्टिंगला नेतात. तिथं वाइंडिंगचा रोध, वेढ्यांचं गुणोत्तर, इन्सुलेशन, लोड असताना आणि नसताना होणारा विजेचा तोटा, असं सगळं मोजलं जातं.

नेहमीच्या इंटर्नला विषय मिळतो "ट्रान्सफॉर्मर निर्मिती प्रक्रियेचा अभ्यास". तो प्रत्येक खात्यात तीन-चार दिवस उभा राहतो, फोटो काढू देत नाहीत म्हणून इंटरनेटवरचे फोटो लावतो, आणि वरचा परिच्छेद चाळीस पानांत लिहून देतो.

आता त्याच मुलाला असा प्रश्न द्या: "एकाच क्षमतेच्या, याच वर्षी बनलेल्या आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिनलोड तोटा डिझाइनपेक्षा काहींत जास्त आणि काहींत कमी येतो. का येतो, ते शोध." बिनलोड तोटा म्हणजे ट्रान्सफॉर्मर नुसता चालू आहे, कुणी वीज वापरत नाही, तरी गाभ्यात जी वीज खर्च होते ती. हा तोटा वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालू राहतो, म्हणून ग्राहक त्यावर बारीक लक्ष ठेवतो. वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस 1180 या मानकात 50 आणि 100 टक्के लोडवरच्या एकूण तोट्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे, आणि बिनलोड तोटा त्या एकूणातच धरलेला असतो. मर्यादा ओलांडली तर माल नापास.

मुलाला यासाठी कोणत्याही मशीनला हात लावायचा नाही. जुने टेस्ट रिपोर्ट काढायचे, आकडे तक्त्यात भरायचे, आलेख काढायचा. मग पाहायचं, जास्त तोट्याचे ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या एकाच लॉटचे आहेत का? कापताना पत्र्याच्या कडेला राहिलेली धार वाढली होती का? गाभा रचताना सांध्यात फट राहते का? हे विचारायला त्याला गाभा रचणाऱ्या कामगाराशेजारी बसावं लागतं, आणि खरं शिक्षण तिथं होतं. त्या कामगाराला पुस्तकातला हिस्टेरिसिस (गाभ्यातल्या या तोट्याचं एक कारण) माहीत नसेल, पण कोणता पत्रा "नीट बसत नाही" हे त्याच्या बोटांना कळतं.

सहा आठवड्यांत उत्तर मिळेलच असं नाही. पण कंपनीला एक तक्ता मिळतो, जो आधी नव्हता. अहवालात खरे आकडे देता येत नसतील तर टक्केवारीत फरक लिहिता येतो, गुप्तताही राहते. आणि तोंडी परीक्षेत मुलगा स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर बोलतो. फरक पडला तो फक्त एका कारणानं: जाण्याआधी प्रश्न ठरला होता. गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठानं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी "आयडीपी", म्हणजे कारखान्यानं दिलेला प्रश्न, अशी सोय आणली होती ती याच विचारानं. कल्पना सोन्यासारखी. पुढं तिचेही तयार अहवाल विकत मिळू लागले, हा आपला स्वभाव.

"छोट्या कंपनीच्या सर्टिफिकेटला कोण विचारतो?"

हा आक्षेप प्रत्येक घरात ऐकू येतो. उत्तर असं की प्रमाणपत्रावरचं मोठं नाव मुलाखतीच्या पहिल्या मिनिटापुरतं कामाला येतं. "तिथं तू काय केलंस?" हा प्रश्न दुसऱ्या मिनिटाला येतो. कंट्रोल रूममध्ये मागच्या खुर्चीत बसलेल्या मुलाजवळ त्याचं उत्तर नसतं.

वीस माणसांच्या युनिटमध्ये मालक स्वतः शॉपवर असतो. कच्चा माल का अडला, ग्राहकानं माल का परत केला, बँकेचा हप्ता आणि मशीनची दुरुस्ती यांत आधी काय, हे सगळं एका छपराखाली, एकाच दिवसात दिसतं. माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्या वर्षानंतरच्या पहिल्या सुट्टीत लहान युनिटच गाठावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लहान ठिकाणी सुरक्षेची शिस्त ढिली असते. प्रेस मशीनला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनचं कवच, नसतो, हातमोजे फाटके असतात. आणि मालकाला फुकटचा हात मिळाला की तो मुलाला खरेदीच्या फोनांवर किंवा बँकेत चेक टाकायला पाठवतो. पहिल्या आठवड्यातच हे ओळखून कॉलेजच्या शिक्षकाला कळवावं. त्यासाठी शिक्षकानं फोन उचलायला हवा, हे मान्य.

पैसे द्यावेत की नाही?

द्यावेत, निदान येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च तरी. कारण फक्त दयेचं नाही. ज्याला कंपनी पैसे देते त्याच्याकडून ती काम मागते, आणि काम मागितलं की कुणीतरी ते समजावून सांगतं. फुकट आलेल्याला दिवसभर कुणी विचारलं नाही तरी चालतं. "कॉलेजनं मुलांकडून फी घेतली आहे, मग आम्ही का द्यायचे?" हा कारखानदारांचा सवालही चुकीचा नाही. त्या सेमिस्टरची फी घेणाऱ्या कॉलेजनं उत्तर द्यावं: शिकवणं कारखान्यात होणार असेल तर त्या पैशाचं कॉलेज काय करतं?

"आमच्या वेळी हे नव्हतं, तरी इंजिनिअर झालेच ना?"

झाले. पण आजोबांच्या आजोबांच्या वेळी बडोद्यात हा विचार आजच्यापेक्षा पुढं होता. 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे हाताचे विषय तिथं शिकवले जात. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या पुढाकारानं 1907 साली अलेम्बिक उभी राहिली. म्हणजे वर्गातली माणसंच कारखान्यात गेली. आज त्याच कलाभवनाच्या आवारात विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे.

जवळपास त्याच काळात, 1906 मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी काही दिवस वर्ग आणि काही दिवस कारखाना अशी आलटून-पालटून शिक्षणाची पद्धत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सनं 1973 पासून "प्रॅक्टिस स्कूल" चालवलं: दुसऱ्या वर्षानंतर सुमारे दोन महिने आणि शेवटी साडेपाच महिने. या प्रयोगांकडे पाहिलं की दोन गोष्टी उठून दिसतात. एक, मुक्काम लांब, म्हणजे मुलगा उपयोगाचा होईपर्यंत टिकतो. दुसरी, मुलांबरोबर विद्यापीठाचा शिक्षकही कारखान्याशी बांधलेला असतो. जागा विद्यापीठ शोधतं. मुलाच्या मामाला शोधावी लागत नाही.

"आमच्याकडे एवढे शिक्षक कुठं आहेत?" असं कॉलेजं म्हणतील. प्रत्येक मुलामागे शिक्षक द्या असं कुणी म्हणत नाही. एका प्राध्यापकानं वर्षानुवर्षं तीच पाच-सहा युनिटं सांभाळावीत, दर सुट्टीत तिथंच मुलं पाठवावीत, आधीच्या तुकडीचा अर्धवट प्रश्न पुढच्या तुकडीला द्यावा. तोंडी परीक्षा कॉलेजऐवजी कारखान्यात, त्याच मशीनजवळ घ्यावी. खोटं प्रमाणपत्र तिथं पाच मिनिटंही टिकणार नाही, आणि प्राध्यापकांनाही शॉपचं वारं लागेल. काहींना त्याची गरज मुलांपेक्षा जास्त आहे, हे मी हळूच म्हणून ठेवतो.

तोपर्यंत घरच्यांनी आणि मुलांनी

नियम बदलेपर्यंत मे महिना काही थांबणार नाही. म्हणून कामाच्या गोष्टी.

शोध डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. तेव्हा एचआरकडे गर्दी नसते आणि माणूस दोन मिनिटं बोलतो. अर्जाबरोबर बायोडेटापेक्षा अर्धं पान द्या: तुमच्या कंपनीत काय बनतं हे मला माहीत आहे, मला हे-हे येतं, आणि या प्रश्नावर काम करायला आवडेल. दहा ठिकाणी तोच मजकूर पाठवू नका. पहिल्याच ओळीत कळतं.

होकार आला की तीन गोष्टी लेखी घ्या: रोज कुणाला भेटायचं, विषय काय आणि अहवालात काय लिहिता येईल. गुप्तता करारावर सही करण्याआधी तो घरी वाचून काढा. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका.

विम्याचं कॉलेजला विचारा; काही कॉलेजं सगळ्या मुलांचा सामूहिक अपघात विमा काढतात. नसेल तर बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वय 18 पूर्ण असेल तर वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. मोडलेल्या हाताचं हॉस्पिटलचं बिल त्यातून निघत नाही, एवढं लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी लॉगबुकात एक मोजलेली गोष्ट लिहा: तापमान, वेळ, नग, मिलिमीटर, काहीही. आणि सेफ्टी बूट स्वतःचे घ्या, विशेषतः मुलींनी. कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांच्या मापाचे बहुतेक नसतात.